चुंबक चिकटला नाही, म्हणून घेतलेला हेडर

माझ्या छोट्या मोटारीच्या मूळच्या ओतीव लोखंडी एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या (इंजिनाच्या सिलिंडरांतला धूर एकत्र करून पुढे नेणाऱ्या भागाच्या) जागी स्टेनलेस स्टीलचा हेडर (तेच काम वेगवेगळ्या नळ्यांनी करणारा भाग) बसवायचे ठरवले, तेव्हा मी पुरेशी माहिती घेतली आहे अशी माझी समजूत होती. रोजच्या वापरात इंजिनाच्या मधल्या आरपीएमला (फिरण्याच्या वेगाला) जोर मिळावा म्हणून ४-१ (चार नळ्या थेट एकीत मिळणाऱ्या) ऐवजी ४-२-१ (चारांच्या आधी दोन, मग एक होणाऱ्या) रचनेचा हेडर हवा, हे मी ठरवले होते. धुरातील विषारी वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर मॅनिफोल्डलाच जोडलेला असेल तर हेडर बसवताना तो निघून जातो आणि अनेक देशांत ते बेकायदेशीर ठरते, हेही मला ठाऊक होते. माझ्या गाडीत तो खाली वेगळा असल्याने ती अडचण नव्हती. मी फसलो ते धातूच्या बाबतीत.

विक्रेत्याने हेडर ३०४ ग्रेडचा असल्याचे सांगितले आणि नळीला चुंबक लावून दाखवला. तो चिकटला नाही, आणि एवढ्यावर मी पैसे दिले. ही चाचणी किती अपुरी आहे, हे मला फार उशिरा कळले. ३०४ मध्ये साधारण ८ ते १०.५ टक्के निकेल असते. २०१ या स्वस्त ग्रेडमध्ये ते ३.५ ते ५.५ टक्क्यांवर आणून त्याची उणीव मँगनीजने भरून काढलेली असते. चुंबक या दोन्हींना चिकटत नाही, पण गंजाला तोंड देण्यात २०१ बरेच कमी पडते. उलट ४०९ ग्रेडला चुंबक चिकटतो आणि तरीही मोटारींच्या एक्झॉस्टसाठी ते सर्रास वापरले जाते. म्हणजे या चाचणीत प्रामाणिक माल नापास होऊ शकतो आणि खोटा माल पास होतो. विक्रेत्याला हे माहीत नसेल, यावर माझा विश्वास बसत नाही.

काही महिन्यांतच वेल्डिंगच्या कडांना तांबूस डाग दिसू लागले. त्यानंतर थंड इंजिन सुरू करताना टकटक असा आवाज येई आणि इंजिन तापले की तो कमी होई. इंधनाचा खप वाढला, त्याचा दोष मी बरेच दिवस स्वतःच्या गाडी चालवण्याला देत राहिलो. खरे कारण मेकॅनिकने सांगितले: फ्लँजपाशी (हेडर इंजिनाला बोल्टने जोडणाऱ्या सपाट पट्टीपाशी) गळती होती, आणि धुरातील ऑक्सिजन मोजणाऱ्या सेन्सरच्या आधी अशी गळती असली की धुराच्या दोन धक्क्यांच्या मधल्या क्षणी बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सरला मिश्रणात इंधन कमी असल्याचा भास होतो आणि इंजिनाचा संगणक गरज नसताना जास्त इंधन सोडत राहतो. हेडर काढून फ्लँजवर सरळ पट्टी धरली, तेव्हा पातळ फ्लँज उष्णतेने वाकल्याचे नुसत्या डोळ्यांनी दिसत होते.

भंगार धातूच्या व्यापाऱ्यांकडे एक्स-रे किरणांनी मिश्रधातूतील घटक मोजणारे हातात धरायचे यंत्र असते. तिथे नळी तपासली, तर निकेल जेमतेम ४ टक्के आणि मँगनीज ६ टक्क्यांच्या वर निघाले. ही तपासणी काही सेकंदांत होते. ती हेडर बसवण्यापूर्वी करून घ्यावी, असे मी प्रत्येकाला कळकळीने सांगतो, कारण एकदा बसवलेला माल परत घेत नाही, हेच उत्तर मला मिळाले.

बिलावर केवळ ‘स्टेनलेस हेडर’ असे लिहिलेले होते, त्यामुळे ३०४ हा आकडा दाखवण्यासारखा माझ्याकडे कुठलाच कागद नव्हता. ग्रेड आणि फ्लँजची जाडी बिलावरच लिहून मागायला हवी होती. विकताना दाखवलेला डायनोचा (इंजिनाची ताकद मोजणाऱ्या यंत्राचा) आलेखही मी नंतर नीट वाचला. तो माझ्यापेक्षा मोठ्या इंजिनावर काढलेला होता.

मूळचा मॅनिफोल्ड मी सुदैवाने टाकून दिला नव्हता. नवीन गॅस्केट घालून तो परत बसवला आणि टकटक त्याच दिवशी थांबली.