शेअर, बचतीतला वाटा की निर्णयाचा अधिकार: कर्मचाऱ्यांना काम आपलं कशाने वाटतं?

‘कंपनी आपलीच समजा’ असं सांगून कुणाला ती आपली वाटत नाही. काहीतरी द्यावं लागतं. बहुतेक ठिकाणी निवड तीन गोष्टींत असते, आणि आमचं मत स्पष्ट आहे: सुरुवात अधिकारापासून करा, पैसा त्याच्या मागून येऊ द्या.

शेअर (ईसॉप)

ईसॉप म्हणजे कर्मचाऱ्याला ठरलेल्या किमतीला कंपनीचे शेअर घेण्याचा हक्क. नेहमीची रचना चार वर्षांची असते. पहिलं वर्ष भरेपर्यंत हातात काही नाही, भरलं की 25 टक्के शेअरांचा हक्क, उरलेले दरमहा किंवा दर तिमाहीला. माणसं टिकवायला हे चांगलं. पण रोजच्या कामाशी त्याचा दुवा फार लांबचा असतो. दोनशे जणांच्या कंपनीत गोदामातल्या एकाने वाया जाणारा माल वाचवला, तर त्याला शेअरच्या किमतीत काहीच हललेलं दिसत नाही. कंपनी शेअर बाजारात नसेल तर विकायचे कुठे, हा आणखी एक प्रश्न. म्हणून शेअर देताना तीन गोष्टी लेखी सांगा: कोणत्या किमतीला घेता येतील, नोकरी सोडल्यावर किती दिवसांत घ्यावे लागतील, आणि कर केव्हा लागेल. निवृत्तीची बचत मात्र त्यात अडकू देऊ नका. 2001 मध्ये अमेरिकेतली ऊर्जा कंपनी एन्रॉन दिवाळखोरीत गेली तेव्हा अनेकांची नोकरी आणि साठवलेला पैसा एकदमच गेला.

नफ्यातला नव्हे, बचतीतला वाटा

नफा बाजारभाव, व्याजदर आणि मालकाच्या गुंतवणुकीवर ठरतो. यंत्रावर उभ्या असलेल्या माणसाच्या हातात त्यातलं फारसं काही नसतं. म्हणून विभागाच्या हातातला आकडा धरा. 1930 च्या दशकात पोलाद कामगारांचे नेते जोसेफ स्कॅनलन यांनी मांडलेली पद्धत याच वळणाची होती.

मागच्या 12 ते 24 महिन्यांची सरासरी ही पायरी धरायची. समजा 1000 नगांमागे 40 खराब निघत होते आणि आता 28 निघतात, तर वाचलेल्या 12 नगांच्या किमतीतला ठरलेला हिस्सा विभागाला. तिमाहीला वाटा द्या आणि थोडा भाग तुटीच्या महिन्यांसाठी बाजूला ठेवून वर्षअखेरीस वाटून टाका. योजना मरते ती बहुतेक वेळा एकाच कारणाने: बचत झाली की पुढच्या वर्षी व्यवस्थापन पायरी लगेच अवघड करतं. मग लोक सुधारणा लपवून ठेवतात. म्हणून पायरी कधी बदलणार, हे आधीच लिहून ठेवा. फक्त वेग मोजला तर परत येणारा माल वाढतो, तोही हिशेबात धरा.

निर्णयाचा अधिकार

टोयोटाच्या जुळणी-लाइनवर कामगार दोष दिसताच दोरी ओढतो किंवा बटण दाबतो. गटप्रमुख धावत येतो, आणि ठरलेल्या खुणेपर्यंत दोष सुटला नाही तर लाइन थांबते. ओढणाऱ्याला कुणी रागावत नाही, आणि सगळी ताकद तिथेच आहे. दोन वेळा बोलणी बसली तर दोरी नुसती टांगलेली राहील.

आपल्याकडे हे आणायचं तर प्रत्येक कामासाठी एक पान पुरतं. त्यावर तीन रकाने: स्वतः ठरवा, ठरवून कळवा, आधी विचारा. तक्रार निवारणाचं उदाहरण घ्या. चुकीचा माल गेला, तर बदलून देणं पहिल्या रकान्यात. ठरावीक रकमेपर्यंतची भरपाई दुसऱ्यात. करार बदलणं तिसऱ्यात. रक्कम आकड्यात लिहा. ‘योग्य वाटेल तेवढी’ असं लिहिलंत की माणूस घाबरून विचारायलाच येतो. पान भरताना ते काम करणाऱ्याला शेजारी बसवा, कारण कुठे अडतं ते त्यालाच ठाऊक असतं.

अधिकारासोबत माहितीही द्यावी लागते. खर्च आणि तक्रारींचे आकडे दर आठवड्याला दिसत नसतील, तर तो अधिकार म्हणजे अंधारात गाडी चालवणं. आणि पहिला चुकलेला निर्णय सांभाळून घ्या. तो वरून फिरवलात, तर त्या पानाला पुन्हा कुणी हात लावत नाही. निर्णय उभा ठेवा, नुकसान सोसा आणि मर्यादा बदलायची असेल तर पुढच्या महिन्यापासून बदला.

काही महिन्यांनी ‘जबाबदारी वाढली, पगार तोच’ ही कुरकुर येईल. ती रास्त आहे. बचतीतला वाटा सुरू करायची वेळ तीच. शेअर मात्र ज्यांच्या निर्णयांचा परिणाम सगळ्या कंपनीवर होतो, त्यांनाच आधी द्या.