अपेंडिक्स काढलेलं असूनही परत अपेंडिसायटिस: मुलांच्या सर्जरी विभागाचा अनुभव (4.5/5)

मुलाचं दुसरं ऑपरेशन जिथे झालं त्या हॉस्पिटलच्या लहान मुलांच्या सर्जरी विभागाबद्दल लिहितेय. नाव देत नाही, पण असा विभाग निवडताना काय बघायचं ते बाकीच्या पालकांना कळावं एवढीच इच्छा.

अपेंडिक्स आधीच दुर्बिणीतून काढलेलं, टाके छान भरलेले, पोरगं खेळायला लागलेलं. आणि बऱ्याच महिन्यांनी परत तेच, आधी बेंबीभोवती दुखायला लागलं मग उजवीकडे खाली सरकलं, उलट्या, ताप. आधी दुसरीकडे दाखवलं होतं तिथे पोटावरचे जुने व्रण बघून सांगितलं की अपेंडिक्स तर काढलंय ना, मग गॅस किंवा बद्धकोष्ठता असेल, आणि औषध देऊन घरी पाठवलं. पोट नीट चाचपलंसुद्धा नाही, याचा राग मला अजून आहे.

इथे मात्र डॉक्टर मॅडमनी आल्या आल्या विचारलं, जुनी ऑपरेशन नोट आणलीये का? म्हणजे नुसतं डिस्चार्ज कार्ड नाही, सर्जनने आत काय दिसलं, काय केलं ते लिहिलेला कागद. मग मुलाशी गप्पा मारत मारत हळूच पोट दाबलं, आणि हात सोडल्यावर तो कळवळला. एक उडी मार बघू म्हणाल्या तर पोट धरून तसाच वाकून उभा राहिला, मारेचना. रक्त तपासलं, सोनोग्राफी केली, त्यात स्पष्ट दिसेना म्हणून मग सीटी स्कॅन. लहान मुलांना उगाच रेडिएशन नको म्हणून आधी सोनोग्राफी करतो, हे आम्ही न विचारता सांगितलं.

निघालं स्टम्प अपेंडिसायटिस, म्हणजे अपेंडिक्स काढल्यावर मुळाशी उरलेल्या तुकड्याला (स्टम्प) आलेली सूज. मॅडमनी कागदावर चित्र काढून समजावलं ते मला सगळ्यात आवडलं. अपेंडिक्स कापताना मुळाशी छोटासा तुकडा राहतोच, तो अर्ध्या सेंटीमीटरपेक्षा कमी असावा असं धरतात, जास्त लांब राहिला तर त्यात विष्ठेचा खडा अडकून परत सूज येऊ शकते. मोठ्या आतड्यावरच्या तीन पट्ट्या जिथे एकत्र येतात तिथे अपेंडिक्सचं मूळ असतं, पण पहिल्या वेळी सूज आणि पू जास्त असेल तर ते नीट सापडत नाही. ऑपरेशन उघडं असो की दुर्बिणीतून, दोन्हीत हे होऊ शकतं, कधी काही दिवसांत तर कधी कित्येक वर्षांनी. हा आजार 1945 पासून नोंदलेला आहे, पण दुर्मिळ आहे, त्यामुळे पटकन कोणाच्या डोक्यात येत नाही आणि तेवढ्यात तो तुकडा फुटायची भीती.

सही घेण्याआधीच सांगितलं की बहुतेक फक्त उरलेला तुकडा काढू, पण मूळ फारच खराब निघालं तर आतड्याचा थोडा भाग काढावा लागेल. ऐकून पोटात गोळा आला, पण अंधारात ठेवलं नाही हे खूप मोठं वाटलं मला. सुदैवाने तुकड्यावरच भागलं.

अर्धा स्टार का कापला? सीटीसाठी कळवळणाऱ्या पोराला घेऊन फार वेळ बाहेर बसावं लागलं, आणि ऑपरेशननंतर पाणी कधी द्यायचं याबद्दल दोन शिफ्टच्या सिस्टर्सनी दोन वेगळ्या गोष्टी सांगितल्या, शेवटी मॅडमनाच बोलवावं लागलं. हे सुधारायलाच हवं, तहानलेल्या मुलासमोर आईने नक्की कोणाचं ऐकायचं?

घरी सोडताना आता किती मिलिमीटर स्टम्प ठेवलाय तेही नोटमध्ये लिहून दिलं, बायोप्सीचा रिपोर्ट फॉलोअपला हातात दिला. तुमच्या मुलाचं अपेंडिक्स काढलं असेल आणि हे दोन कागद तुमच्याकडे नसतील तर त्या हॉस्पिटलच्या रेकॉर्ड विभागातून आत्ताच मागून घ्या, आणि परत तसंच दुखलं तर फाईल घेऊन थेट सर्जनकडेच जा.