रॅचेट क्रिंपिंग पकड आणि थिंबलचा जोड : नदीकाठच्या मोटारीवर वर्षभर वापरल्यानंतर

गेल्या आठवड्यात थिंबल दाबायच्या पकडीतल्या रॅचेटची (दात्यांच्या खटक्याची) स्प्रिंग तुटली आणि दुकानदाराने बिल बघूनही हात वर केले, म्हणून लिहायला बसलो. पण सांगायचं आहे ते पकडीपेक्षा थिंबलबद्दल, म्हणजे तारेच्या टोकावर दाबून बसवायच्या धातूच्या तुकड्याबद्दल जास्त. पकड मोडली तर दुसरी येते. थिंबल खराब निघालं तर मोटार जळते आणि ऐन पाण्याच्या पाळीत ऊस वाळतो.

आमचा वापर आधी समजून घ्या. पलूस तालुक्यात कृष्णेकाठी भावकीची सामाईक ७.५ एचपीची मोनोब्लॉक (पंप आणि मोटार एकत्र) आहे, साध्या डीओएल स्टार्टरवर, म्हणजे मोटार थेट लाईनवर चालू होते. विहिरीवरची मोटार एकदा बसवली की वर्षानुवर्षे जागची हलत नाही. नदीकाठची दर पावसाळ्यात उठते. कोयनेचा विसर्ग वाढला आणि सांगलीत आयर्विन पुलाजवळ पाणी ४० फुटांच्या इशारा पातळीकडे निघालं, की मोटार, स्टार्टर, पेटी सगळं ट्रॅक्टर लावून वर काढायचं. पाणी ओसरलं की परत खाली. प्रत्येक वेळी टर्मिनल पेटी उघडून तिन्ही फेज सोडा आणि जोडा. तार नुसती नटाखाली गुंडाळलेली असली की चार-दोन तारा तुटतातच, मग टोक कापायचं, नव्याने सोलायचं. केबल बोटबोट करत आखूड होत जाते. रिंगचं थिंबल असेल तर नट काढला, थिंबल उचललं, झालं.

त्यात रात्रपाळीची लाईट. फीडर ट्रिप होतो, परत येतो, ऑटोवर मोटार आपोआप पुन्हा उचलते, म्हणजे सुरू होते. चालू मोटार साधारण ११ अँपिअर घेते, पण उचलताना सहापट, म्हणजे ६६ च्या आसपास. जोडात नुसता ०.०५ ओहमचा अडथळा धरा. चालू असताना तिथे ६ वॅट उष्णता होते, ती कुणाला जाणवत नाही. उचलताना त्याच जागी २१८ वॅट! क्षणभरच, पण रोज, रात्रीतून कितीतरी वेळा. तापतो, गार होतो, सैल पडतो, अडथळा आणखी वाढतो. शेवटी एक फेज सुटतो आणि उरलेल्या दोन फेजवर तोच लोड आला की करंट पावणेदोन पटीजवळ जातो. ओव्हरलोड रिले (करंट वाढला की मोटार बंद करणारा) नीट लावलेला नसेल तर वाइंडिंग, म्हणजे मोटारीतली तारेची गुंडाळी गेली. गावात लोक म्हणतात व्होल्टेज कमी होतं म्हणून मोटार जळली. कधी ते खरंही असतं. पण जळालेल्या मोटारीची पेटी उघडून बघा, काळं पडलेलं थिंबल बऱ्याचदा सापडतं.

आता पकड. रस्त्यावर मिळते ती पत्र्याची चपटी पकड, जिच्यात सोलणं, कापणं, दाबणं सगळं एकात असतं, तिच्याने दाब किती बसला हे हाताच्या जोरावर ठरतं. सकाळी दाबलेलं थिंबल आणि संध्याकाळी दमलेल्या हाताने दाबलेलं थिंबल सारखं निघत नाही. रॅचेटवाली पकड पूर्ण दाब बसल्याशिवाय उघडतच नाही. सुरुवातीला मला हे आवडलं नव्हतं. स्टार्टरच्या पेटीत हात घालून काम करताना तिच्या दांड्या रुंद उघडतात, पेटीला अडतात. मध्येच थिंबल तिरकं झालं तर आतली छोटी कळ दाबून सोडवावी लागते. चौपट पैसे देऊन ही कटकट कशाला, असं वाटायचं. पावसाळा गेल्यावर मत बदललं. मोटार घाईत काढताना-लावताना काम एकाच्या हातून होत नाही. पुतण्या, शेजारी, जो हजर असेल तो दाबतो. सगळ्यांचं काम सारखं उतरलं, एकही जोड तापला नाही. पैसे वसूल झाले ते इथे.

घेताना डाय (जबड्यातला दाबायचा साचा) बघून घ्या. लाल, निळा, पिवळा असे ठिपके असलेला लंबगोल डाय फक्त प्लास्टिकच्या टोपीवाल्या थिंबलसाठी. उघड्या थिंबलला नाकवाला डाय लागतो, जो एका बाजूने खोल खड्डा पाडतो. स्टार्टरच्या बारीक कंट्रोल वायरीला नळीसारखी फेरूल घालायची तर तिसराच, चौकोनी दाबाचा. एकाच डायवर तिन्ही कामं होत नाहीत. माझ्या पकडीत दोन स्क्रू काढून डाय बदलता येतो, म्हणून पहिले दोन घेतले.

त्या रंगांचं एक नीट सांगतो, कारण इथे रोज घोळ होतो. लाल-पिवळा-निळा म्हणजे आर-वाय-बी फेज नव्हेत. ते तारेच्या मापाचे रंग : लाल ०.५ ते १.५ स्क्वेअर (चौरस मिलिमीटर), निळा १.५ ते २.५, पिवळा ४ ते ६. तिन्ही फेजला तीन रंगांची थिंबलं मारलेली मी डोळ्यांनी पाहिली आहेत. तार ४ स्क्वेअरची असली तर तिन्ही पिवळीच हवीत. लाल थिंबलात ती घुसवायला अर्ध्याअधिक तारा छाटाव्या लागतात. ४ स्क्वेअरच्या वायरीत ०.३ मिलिमीटरच्या ५६ तारा असतात. सोलताना पाच तुटल्या तरी जवळजवळ दहावा हिस्सा गेला.

उन्हाळ्यात विचारलं असतं तर या रंगीत थिंबलांचीच शिफारस केली असती. दिसायला स्वच्छ, टेप नको. आता मोटारीवर ती वापरत नाही. पीव्हीसीची टोपी साधारण ७५ अंशांपर्यंतची असते. उन्हातली पेटी आणि मोटारीची उष्णता मिळून ती मऊ पडते. आणि मुख्य म्हणजे टोपीमुळे आतल्या नळीच्या पत्र्याचा जोड दिसत नाही.

हा जोड म्हणजे काय ते बघाच. थिंबलची नळी बहुतेक वेळा पत्रा गोल वळवून केलेली असते. जिथे दोन कडा भेटतात तिथे एक रेघ दिसते. चांगल्या थिंबलात ती रेघ ब्रेझिंग करून, म्हणजे धातू वितळवून भरलेली असते. स्वस्तात कडा नुसत्या टेकवलेल्या. अशा थिंबलात डायचं नाक नेमकं रेघेवर आलं की कडा फाकतात, तारा बाहेर डोकावतात, आणि वरून सगळं घट्ट दिसतं. ओढून पाहिलं तरी सुटत नाही. चार महिन्यांनी मात्र तापायला लागतं. म्हणून रेघ डायच्या खाचेत खाली ठेवायची आणि नाक तिच्या बरोबर विरुद्ध बाजूने येऊ द्यायचं. एवढंच. पण हे एक पाळलं तर साध्या थिंबलांतही काम टिकतं, आणि न पाळलं तर भारी पकड वाया. आमच्याकडे आता कुणीही दाबायला बसला तरी मी आधी विचारतो, "रेघ कुठाय?"

खरेदी करताना खिशात लोहचुंबक ठेवा. चिकटलं तर लोखंडावर पॉलिश. मग कानशीने कड घासा. लाल दिसलं तर तांबं, पिवळं दिसलं तर पितळ. पितळ तांब्याच्या साधारण पाव हिश्श्याइतकीच वीज वाहतं. पाकिटामागे थोडे पैसे वाचवायला जाऊन रिवाइंडिंगचं बिल ओढवून घेऊ नका. वरून हीट श्रिंक स्लीव्ह (गरम केल्यावर आवळणारी नळी) घाला, पण ती दाबायच्या आधीच तारेत ओवून ठेवा. आणि दाबलेल्या थिंबलात डाग (सोल्डर) भरू नका. डाग तारेत वर चढतो, तिथे तार ताठ होते, आणि पंपाच्या थरथरीने नेमकी तिथेच तुटते.

स्प्रिंगचं सांगायचं राहिलं. सांगलीतल्या ज्या दुकानातून पकड घेतली तिथला म्हणाला, "अण्णा, हत्याराला कुठं गॅरंटी असती? नवीनच घ्या की."

मी म्हटलं, "गॅरंटी नको. स्प्रिंग द्या, पैसे घ्या."

"सुटी येत नाही."

एवढ्या किमतीचं हत्यार आणि पाच रुपयांची स्प्रिंग मिळत नाही, याचा मला खरोखर राग आला. शेवटी मिरजेत शिलाई मशीन दुरुस्त करणाऱ्याने त्याच्या डब्यातून जुळती स्प्रिंग शोधून बसवून दिली. बदललेल्या स्प्रिंगनंतर दाब तोच राहिला की नाही, हे नव्या तुकड्यावर थिंबल मारून, ओढून आणि कापून पाहिलं. दाब कमी वाटला तर आतलं चाक प्लसकडे एक दात फिरवता येतं. मला लागलं नाही. तुम्ही घेणार असाल तर दुकानात आधी हेच विचारा, सुटे भाग मिळतात का. जबड्याची चकाकी नंतर बघा.

मीटर पेटीपासून स्टार्टरपर्यंतची १६ स्क्वेअर ॲल्युमिनियम केबल या पकडीचं काम नाही. ॲल्युमिनियमवर हवेत लगेच ऑक्साइडचा थर चढतो, आणि ते तांब्यापेक्षा जास्त प्रसरण पावतं, म्हणून तांब्याच्या थिंबलात दाबलं तर काही महिन्यांत सैल. तिला ॲल्युमिनियमचं थिंबल, आत जॉइंटिंग पेस्ट, तार ब्रशने घासून लगेच आत, आणि स्टार्टरच्या पितळी बोल्टाशी बायमेटल (दोन धातूंच्या थरांचं) वॉशर. दाब हायड्रॉलिकचा. हत्यार विकत घेण्याइतकं ते काम आमच्याकडे नाही, त्यामुळे केबलची टोकं पलूसच्या वायरमनकडून दाबून घेणार आहे. पेस्ट मी माझी नेणार, आणि दाबताना शेजारी उभा राहणार.