वाढीव मिनिटं कोणाच्या पथ्यावर: संगणकाच्या की आपल्या?

मोबाइलवर संगणकाशी बुद्धिबळ खेळताना घड्याळ किती मिनिटांचं लावावं? रेटिंग (खेळाची ताकद सांगणारा आकडा) वाढवायचं तर ब्लिट्झ (काही मिनिटांतच आटपणारा डाव) खेळावं की लांब डाव?

इटलीतल्या इस्किया इथे १९९८ साली विश्वनाथन आनंद ‘रेबेल १०’ या प्रोग्रामशी आठ डाव खेळला. पाच मिनिटांच्या चार डावांत प्रोग्रामने ३-१ अशी बाजी मारली. पंधरा मिनिटांच्या दोन डावांतही तोच सरस. चाळीस चालींना दोन तास (म्हणजे क्लासिकल, लांब डाव) मिळाले, तेव्हा मात्र आनंदने दोन डावांत दीड गुण काढला. दोनच डाव, मान्य. पण जगज्जेत्या कास्पारोव्हचंही तेच: ब्लिट्झच्या डावात १९९४ सालीच ‘फ्रिट्झ’ प्रोग्रामने त्याला हरवलं होतं, क्लासिकल सामना हरायला १९९७ साल आणि आयबीएमचा ‘डीप ब्लू’ संगणक यावा लागला. म्हणजे दोघांनाही सारखाच वेळ वाढवून दिला, तर माणूस जास्त कमावत होता.

संगणक तो वेळ आणखी खोल बघण्यात घालवतो. संगणकशास्त्रज्ञ केन थॉम्प्सनने ‘बेल’ या बुद्धिबळ खेळणाऱ्या यंत्रावर हे मोजलं होतं. उथळ पातळीवर एक पायरी (एक चाल पुढे) खोल गेलं की रेटिंगचे दोनशेच्या वर गुण वाढायचे, पुढे वाढ आटत गेली. आजचा स्टॉकफिश हा प्रोग्राम तर एका सेकंदातही आपल्याला लोळवतो. त्याचा वेळ कापून काही साधत नाही, पातळीच कमी करा. (ती कमी केली की तो मधेच वजीर फुकट देतो, ते वेगळं.)

आपली पहिली काही मिनिटं सगळ्यात मोलाची. ‘अरे, घोडा फुकट जातोय’ हे तेवढ्यात दिसतं. त्यानंतर बऱ्याचदा तीच चाल पुन्हा पुन्हा तपासणं होतं. गंमत म्हणजे ही सुधारणा रेटिंगमध्ये उमटत नाही, कारण समोरच्यालाही तेवढाच वेळ मिळालेला असतो. रेटिंग सापेक्ष असतं: दोनशे गुणांचा फरक म्हणजे वरचढ खेळाडूला चार डावांत साधारण तीन गुण, बस्स. म्हणून ॲपवरचं ब्लिट्झचं १७०० आणि फिडेचं (जागतिक बुद्धिबळ महासंघाचं) क्लासिकलचं १७०० एका तराजूत घालू नका. फिडेच्याही तीन वेगळ्या याद्या आहेत: क्लासिकल, ब्लिट्झ आणि या दोहोंच्या मधली रॅपिड.

वेळ बदलला की निकालही बदलतो. नागपूरच्या दिव्या देशमुखने २०२५च्या महिला विश्वचषकात अंतिम फेरीचे दोन्ही क्लासिकल डाव बरोबरीत सोडवले आणि रॅपिडमध्ये कोनेरू हंपीला हरवलं, तेही हंपी रॅपिडची जगज्जेती असताना.

शिकायचं असेल तर मी पंधरा मिनिटं अधिक प्रत्येक चालीला दहा सेकंद, याच्या खाली जाणार नाही. ब्लिट्झ ओपनिंगच्या (डावाच्या सुरुवातीच्या चालींच्या) सरावापुरतं. डाव तपासताना मोहरा कुठे फुकट गेला हे इंजिन (स्टॉकफिशसारखा प्रोग्राम) क्षणात सांगतं, अवघड एंडगेमला (डावाच्या शेवटच्या टप्प्याला) मात्र त्याला चहा होईपर्यंत चालू ठेवा.