दोन इंजिने आणि एकाच इंजिनाचा हिशेब

दाभोळला आमच्या घराशेजारी पर्यटकांसाठी चार खोल्या आहेत. येणारी मंडळी हर्णैचा सुवर्णदुर्ग किल्ला समुद्रातून दाखवता येईल का, असे दर हंगामात विचारत, आणि बँकेतून निवृत्त झाल्यावर हाती थोडी रक्कम असल्यामुळे मी एक जुनी बोट घेण्याचे ठरवले. मांडव्याकडच्या एका दलालामार्फत २५ फुटी फायबरची केबिन बोट मिळाली. मागे प्रत्येकी ११५ अश्वशक्तीची दोन फोर-स्ट्रोक पेट्रोल आऊटबोर्ड, म्हणजे बाहेरून टांगलेली, इंजिने होती आणि किंमत १४ लाख रुपये ठरली. महाराष्ट्र मेरीटाइम बोर्डाकडील नोंदणीची कागदपत्रे व्यवस्थित होती, त्यामुळे मी निर्धास्त झालो. आयुष्यभर इतरांची कर्जप्रकरणे तपासणाऱ्या माणसाने कागद पाहावेत आणि टाकी पाहू नये, याची लाज वाटते म्हणूनच हे सविस्तर लिहीत आहे.

दलालाने एका कागदावर खर्चाचा हिशेब लिहून दिला होता. त्यात लिटरमागे अडीच किलोमीटर अ‍ॅव्हरेज, दाभोळ ते हर्णै जाऊन-येऊन २१ लिटर, म्हणजे त्या वेळच्या १०५ रुपये दराने सुमारे २,२०० रुपये, असे आकडे होते. "काका, सुमोपेक्षा थोडं जास्त पितं, इतकंच," असे तो म्हणाला. मी पुरावा मागितल्यावर त्याने चाचणी दाखवण्याची तयारी दर्शवली, दिवस आणि वेळ मात्र स्वतः ठरवली.

तो दिवस वद्य द्वितीयेचा होता. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हे किनाऱ्यावरच्या पोरासोरांनाही ठाऊक असते. दोनाची पाऊणपट दीड, म्हणजे दीड वाजता पूर्ण भरती. आम्ही चार वाजता खाडीच्या आतल्या बाजूने दाभोळकडे निघालो, तेव्हा पौर्णिमेनंतरच्या उधाणाची ओहोटी ऐन जोरात होती आणि बोट पाण्याबरोबरच समुद्राकडे ओढली जात होती. बोटीवर आम्ही तिघेच होतो, टाकी जवळजवळ रिकामी होती आणि बूड नुकतेच खरवडून घेतलेले होते. सुकाणूसमोरच्या पडद्यावर वेग २३ नॉट आणि इंधन ताशी १७ लिटर दिसत होते. २३ नॉट म्हणजे ताशी २३ सागरी मैल, अर्थात साडेबेचाळीस किलोमीटर. भागाकार केला तर अडीच किलोमीटर बरोबर येतात. मी तो भागाकार मोबाइलवर करून पाहिला आणि समाधानाने मान डोलावली. परत वर, पाण्याच्या विरुद्ध जाऊन पाहू, असे मला सुचले नाही. टाकीचा काटा हलत नव्हता, त्याबद्दल विचारले तर "सगळ्यांचाच बंद असतो, पडद्यावर शिल्लक दिसते ना," असे उत्तर मिळाले.

पहिल्या मोठ्या फेरीला घरची आणि नात्यातली मिळून नऊ माणसे होती. जेटीवर पंप नसल्यामुळे वीस लिटरचे तीन कॅन गाडीतून आणून रिकाम्या टाकीत ओतले आणि पडद्यावर ६० हा आकडा भरला. इंजिनांनी घेतलेले इंधन त्यातून वजा करत पडदा शिल्लक दाखवतो. कागदाप्रमाणे २१ लिटर लागणार होते, म्हणजे जवळजवळ तिप्पट साठा. दाभोळ ते हर्णै सुमारे १४ सागरी मैल, म्हणजे २६ किलोमीटर आहे. जाताना काही जाणवले नाही. सुवर्णदुर्गाला वळसा घालून अकराच्या सुमारास परत फिरलो आणि कोळथऱ्यासमोर आलो असताना उजवे इंजिन खोकल्यासारखे होऊन बंद पडले. दोन मिनिटांत डावेही थांबले. पडद्यावर त्या क्षणी ३१ लिटर शिल्लक दिसत होते.

समुद्राकडून येणारा खारा वारा सुटला होता आणि बोट हळूहळू खडकांकडे सरकत होती. नांगर टाकला, तो सुदैवाने धरला. पाऊण तासाने बुरोंडीकडची एक मासेमारी बोट जवळ आली. तिच्यावरच्या म्हाताऱ्या तांडेलांनी, म्हणजे बोटीच्या प्रमुखांनी, पडद्याकडे पाहिलेसुद्धा नाही. त्यांनी टाकीचे झाकण फिरवून काढले, बांबूची एक कामटी आत सोडली आणि वर काढून माझ्यासमोर धरली. टोकाला जेमतेम अर्धे बोट ओल होती. "दादा, टाकी अशी बघायची," इतकेच ते म्हणाले आणि दोर फेकून आम्हाला दाभोळपर्यंत ओढत घेऊन आले. पैसे घेतले नाहीत, डिझेलसुद्धा भरू दिले नाही.

पुढच्या आठवड्यात रत्नागिरीहून मेकॅनिक आणला. त्याने सुकाणूमागची फळी उघडली. इंधन मोजणाऱ्या दोन तारांपैकी डाव्या इंजिनाची तार जोडलेली होती. उजव्याची कापलेली होती आणि कापलेल्या टोकावर काळी इन्सुलेशन टेप नीट तीन वेढे देऊन गुंडाळलेली होती. खाऱ्या हवेने तार कुजली असती तर ती हिरवी पडून तुटली असती. इथे तांबे लख्ख होते. पडदाही एकाच इंजिनासाठी लावून ठेवलेला होता, म्हणून दुसऱ्याचा आकडा नसल्याची सूचना येत नव्हती. मग त्याने लॅपटॉप जोडला. इंजिने किती तास चालली हे दाखवणाऱ्या मीटरवर ३१० तास दिसत होते, तर इंजिनांच्या संगणकात १,६४० तासांची नोंद निघाली. मीटर नवा बसवता येतो, इंजिनाच्या आतली नोंद सहसा कोणी बदलत नाही, असे तो म्हणाला.

खरा हिशेब त्यानंतर आम्ही दोघांनी केला. नऊ माणसे आणि सामान असताना बोट पाण्यावर उचलून धावण्यासाठी इंजिने मिनिटाला साडेचार हजार फेऱ्यांवर (आरपीएम) ठेवावी लागतात आणि तेव्हा प्रत्येकी सुमारे २२, म्हणजे दोन्ही मिळून ताशी ४४ लिटर पेट्रोल जाते. वेग १८ नॉट मिळतो. सागरी मैलामागे जवळजवळ अडीच लिटर, किंवा दलालाच्या भाषेत सांगायचे तर लिटरमागे पाऊण किलोमीटर. हर्णैची फेरी ६८ लिटरची, सात हजार रुपयांच्या वरची. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमध्ये ऊर्जा थोडी कमी असते आणि ते हवेतील ओलही धरते, त्यामुळे पाणी वेगळे करणारा फिल्टर वारंवार बदलावा लागतो. तोही खर्च त्या कागदावर नव्हता. दर शंभर तासांनी दोन्ही इंजिनांचे तेल, पाण्याच्या पंपाचे रबरी चाक, खाऱ्या पाण्यात झिजणारे जस्ताचे तुकडे, हे सगळे दुप्पट, कारण इंजिने दोन. शिवाय पावसाळ्यात बोट वर ओढून शाकारणे. कागदावर या सगळ्यासाठी "किरकोळ" असा एकच शब्द होता.

आणखी एक थाप सांगतो, कारण ती इतरांनाही मारली जाते. मच्छीमार सोसायटीतून स्वस्त इंधन मिळवून देतो, असे दलाल म्हणाला होता. डिझेलवरील व्हॅटचा परतावा नोंदणीकृत मासेमारी नौकांना मिळतो. सहलीच्या बोटीला तो लागू नाही, आणि माझी बोट तर डिझेलवर चालतच नाही.

घेणाऱ्याने किमान एवढे करावे. फोर-स्ट्रोक पेट्रोल इंजिनाच्या अश्वशक्तीचा तिसरा भाग घ्यावा. पूर्ण जोरावर तासाला साधारण तितके लिटर लागतात. ११५ ला सुमारे ३८. डिझेल इंजिनाला पाचवा भाग धरावा. विकणारा यापेक्षा फारच कमी सांगत असेल तर कोणत्या वेगाला आणि किती इंजिनांचे, हे विचारावे. टाकी काठोकाठ भरून, नेहमीची माणसे घेऊन, तेच अंतर पाण्याबरोबर आणि पाण्याविरुद्ध कापावे, आणि परत आल्यावर टाकी पुन्हा भरताना मापाने मोजावे. तासांची नोंद मेकॅनिकच्या लॅपटॉपवर पाहावी. मला या तपासणीला चार-पाच हजार रुपये लागले असते.

पोलिसांत अर्ज दिला. हिशेबाच्या कागदावर दलालाची सही आहे का, असे तिथे विचारले. ती नव्हती, आणि विक्रीच्या करारात "आहे त्या स्थितीत" हे शब्द होते. वकिलांच्या मते कापलेली तार आणि तासांची नोंद यांच्या आधारे दावा उभा राहू शकतो, तो चालू आहे. तोवर एक इंजिन वर उचलून दुसऱ्यावर सहा नॉटने जातो. पाण्यातली लांबी २२ फूट असलेल्या बोटीला सव्वासहा नॉटपर्यंत पाणी फारसा विरोध करत नाही. त्यापुढे नाक वर येते आणि पेट्रोल ओतावे लागते. या चालीने मैलामागे एक लिटरच्या थोडे वर जाते. हर्णैला सव्वादोन तास लागतात आणि पाहुणे कंटाळतात.

तार तशीच ठेवली आहे. गेल्या महिन्यात गुहागरचे एक गृहस्थ बोट पाहायला आले. मी मैलामागे अडीच लिटर सांगितल्यावर ते म्हणाले, "मला दुसरीकडे याच इंजिनांचं याच्या निम्मं सांगितलंय." दोन्ही इंजिनांचे मिळून का, असे मी विचारले. त्यांनी तिथल्या तिथे कोणाला तरी फोन लावला आणि बोलत बोलत जेटीच्या टोकापर्यंत गेले.