रेझिनचं मारुत, १:७२ : एक पावसाळा आणि एक उन्हाळा काढल्यावर

हे मॉडेल विमानाचं किट घ्यावं की नाही, एवढंच ज्याला हवं आहे त्याच्यासाठी आधीच सांगून टाकतो. प्लास्टिकची चार-पाच विमानं हातून पूर्ण झाली असतील आणि घरात दार बंद होणारं काचेचं कपाट असेल, तर घ्या. आयुष्यातलं पहिलंच किट म्हणून घेऊ नका. सहावी-सातवीतल्या मुलाला वाढदिवसाला तर अजिबात देऊ नका, कारण त्यात करवत आहे, इन्स्टंट ग्लू आहे आणि छातीत जाणारी धूळ आहे.

किट एचएफ-२४ मारुत या भारतीय लढाऊ विमानाचं, खऱ्याच्या एक-बहात्तरांश मापाचं. युरोपातल्या एका छोट्या कारखान्याचं आहे, नाव मुद्दाम टाळतो. पुढे तक्रारीही आहेत, आणि असल्या दोन-तीन माणसांच्या उद्योगात प्रत्येक डब्यातला माल थोडा वेगळाच निघतो. मिग-२१ म्हणाल तर प्लास्टिकमध्ये ढिगाने मिळतं, सुखोई-३० सुद्धा. मारुतच्या वाटेला मोठ्या कंपन्या फारशा गेल्याच नाहीत. विमानं झाली एकूण १४७, तीही आपल्याच हवाई दलासाठी. परदेशात गिऱ्हाईक कुठून येणार? मग उरतं रेझिन.

प्लास्टिकच्या किटला पोलादी साचा लागतो, त्याचा खर्च हजारो डबे विकले तरच निघतो. रेझिनचं तसं नाही. एक मूळ नमुना घडवायचा, त्यावरून सिलिकॉन रबराचा साचा घ्यायचा आणि त्यात दोन भाग मिसळलेलं पॉलियुरेथेन ओतायचं. साचा स्वस्त, पण काही डझन नग काढले की रबर फाटायला लागतं. माझा डबा बहुधा साच्याच्या म्हातारपणातला. डाव्या पंखावरच्या पॅनेल लाइन (पत्र्यांच्या सांध्यांच्या रेघा) सुरेख कोरलेल्या, उजव्यावरच्या जेमतेम दिसतील अशा. एकाच विमानाचे दोन पंख वेगवेगळ्या साच्यांतून आले असणार. विक्रेत्याला फोटो पाठवले. उत्तर आलं, 'हाताने ओतलेल्या मालात असं चालायचंच.' त्या किमतीला ते चालायला नको होतं. कुरिअर आणि कस्टम धरलं की किटच्या मूळ किमतीची जवळपास पावणेदोनपट होते.

तरी घेतल्याचा पश्चात्ताप नाही, आणि त्याचं कारण विमानाच्या आकारात आहे. मारुतचा आराखडा कुर्ट टँक यांचा, दुसऱ्या महायुद्धातल्या फॉके-वुल्फ १९० चे तेच. ते १९५६ मध्ये बंगळूरला एचएएल या सरकारी विमान कारखान्यात आले आणि १७ जून १९६१ रोजी सुरंजन दास यांनी हे विमान पहिल्यांदा उडवलं. ध्वनिवेगाच्या जवळ हवेचा रोध वाढतो, तो कमी करण्यासाठी पंखांच्या जागी धड आत घेतलेलं आहे. चित्रात ती कमर नीट कळत नाही. हातात घेऊन अंगठा फिरवला की कळते. या कारखान्याने ती बरोबर पकडली आहे, आणि मारुतमध्ये तेच सगळ्यात अवघड. खऱ्या विमानाची लांबी १५.८७ मीटर, पंखांचा पसारा ९ मीटर. म्हणजे मॉडेल २२ सेंटिमीटर लांब आणि साडेबारा सेंटिमीटर रुंद व्हायला हवं. पट्टी लावून पाहिली, मिलिमीटरभर इकडेतिकडे आहे. मागची इंजिनांची दोन नळकांडी साधी, उघडी. ज्या जोरकस ऑर्फियस इंजिनावर आराखडा बेतला होता ते शेवटपर्यंत मिळालंच नाही. ऑर्फियस ७०३ वर भागवावं लागलं आणि दुप्पट ध्वनिवेगासाठी काढलेलं विमान ध्वनिवेगाच्या आसपासच राहिलं.

आता काम. डबा उघडल्यावर भाग मेणचट लागतात, कारण साच्यातून सुटावेत म्हणून मारलेलं रिलीज एजंट त्यांच्यावर असतं. भांडी घासायचं लिक्विड, कोमट पाणी, जुना टूथब्रश. हे टाळलं की सहा महिन्यांनी रंग पापुद्र्यासारखा सुटून येतो आणि माणूस रंगाला शिव्या देतो. प्रत्येक भागाला ओतताना राहिलेला जाड ठोकळा असतो, तो बारीक दात्यांच्या करवतीने कापायचा. कापायला रेझिन साबणाच्या वडीइतकं मऊ, पण धूळ मात्र पिठूळ आणि वाईट. मास्क लावायचाच आणि घासायचं ते पाण्यातच. वॉटर पेपर हार्डवेअरच्या कुठल्याही दुकानात मिळतो. ४०० नंबरने सुरुवात, मग ६००, १०००, शेवटी २०००. मी बाथरूमच्या दारात पाट टाकून बसायचो. घरच्यांनी पहिल्या आठवड्यानंतर विचारणं सोडून दिलं.

प्लास्टिकच्या किटचा गोंद, ज्याला सिमेंट म्हणतात, इथे उपयोगाचा नाही. तो पॉलिस्टायरीन विरघळवून जोडतो, पॉलियुरेथेनवर त्याचा काही परिणाम होत नाही. फेविक्विक किंवा अराल्डाइट, हे दोनच. इन्स्टंट ग्लू ओढ सहन करतो, आडवा धक्का सहन करत नाही, म्हणून पंख नुसते चिकटवून भागत नाही. धडातून आरपार एक मिलिमीटरची पितळी तार घातली आणि दोन्ही पंख तिच्यावर ओवले, सांध्यात अराल्डाइट.

बुडबुडे हा रेझिनचा खरा छळ. वरून अंग गुळगुळीत दिसतं आणि ६०० चा कागद फिरला की टाचणीच्या टोकाएवढी भोकं उघडी पडतात. माझ्या डब्यात ती सगळी नाकाच्या खालच्या बाजूला होती. उपाय असा : इन्स्टंट ग्लूच्या थेंबात टाल्कम पावडर कालवायची, सुईच्या टोकाने भोकात भरायची आणि अर्ध्या तासाच्या आत घासून घ्यायची. रात्रभर ठेवली तर ती रेझिनपेक्षा टणक होते. मग घासताना आजूबाजूचं रेझिन झिजतं आणि भरलेला ठिपका उंचवटा होऊन बसतो.

उजवा पंख वाकून आला होता. हात बुडवला तर चटकन काढावा लागेल इतकं गरम पाणी परातीत घ्यायचं, पंख मिनिटभर बुडवायचा, ओट्याच्या ग्रॅनाइटवर सपाट दाबायचा आणि वर गार पाणी ओतायचं. होतो सरळ. पण रेझिन आपला मूळ बाक विसरत नाही, त्याचं पुढे सांगतो.

नाकात वजन घालावं लागतं, नाहीतर विमान शेपटावर बसतं. मासेमारीच्या दुकानातले गळाला लावायचे शिसे त्यासाठी उत्तम, ठोकून हव्या त्या आकाराचे होतात. पण मग ते सगळं वजन पुढच्या चाकाच्या पायावर येतं, आणि किटमधला पाय रेझिनचा, काडेपेटीतल्या काडीहून बारीक. सासरे नाशिकजवळच्या ओझरला एचएएलमध्ये मिगच्या लाइनवर फिटर होते. त्यांनी तो पाय चिमटीत धरला, उजेडाकडे केला आणि म्हणाले, "जावईबापू, हा एवढं ओझं घेऊन उन्हाळा काढेल का?" मी म्हटलं, "नाही काढणार, अप्पा, पितळेचे करतोय." "मग ठीक. आणि हे आमचं नाही बरं का, बंगळूरचं. आमच्याकडे मिग." ओझरच्या माणसाला मारुत दाखवायचं म्हणजे एवढं ऐकून घ्यावंच लागतं.

पितळी पाय करण्यासाठी चांगले फोटो हवे होते. वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रात मारुत ठेवलेलं आहे. पंचवटी एक्स्प्रेसने सकाळी गेलो आणि चाकांच्या खोबणीचे फोटो काढून आणले. किटच्या सूचनापत्रावरचं रेखाचित्र त्या मानाने कामचलाऊ आहे. नाकावरचा पिटोचा, म्हणजे वेग मोजायच्या नळीचा, दांडा किटमध्ये रेझिनचाच, डब्यातच वाकलेला. तो फेकून दिला. मेडिकलमधून २० गेजची आणि २६ गेजची सुई आणली, बारीक सुई जाड सुईच्या आत बरोबर बसते. टोकं घासून बोथट करा, नाहीतर कपाट पुसताना बोटात घुसेल.

कॉकपिटवरची काच व्हॅक्यूमने ओढलेल्या पातळ प्लास्टिकची आहे. दोन दिल्या आहेत, म्हणजे एक कापताना बिघडणार हे त्यांनीच गृहीत धरलंय. ती इन्स्टंट ग्लूने लावू नये, वाफेने पांढरी पडते. साधा फेविकॉल.

रंगाचं मी चंदेरी ठरवलं. डिकलच्या (पाण्यात भिजवून चिकटवायच्या छापील खुणांच्या) पानावर १९७१ च्या युद्धातल्या रंगसंगतीही आहेत. त्या युद्धात १० आणि २२० क्रमांकांच्या स्क्वाड्रन राजस्थान आघाडीवर मारुत घेऊन लढल्या, बहुतेक लोक तेच करतात. मला त्याआधीचं चकचकीत हवं होतं. चंदेरी रंग काही लपवत नाही. हिरव्या-तपकिरीखाली ६०० चा ओरखडा खपून जातो, चंदेरीखाली तो हमरस्त्यासारखा दिसतो. नाशिकच्या द्वारका परिसरातल्या गाड्यांच्या रंगाच्या दुकानातून राखाडी प्रायमर सरफेसर आणि एनसी थिनर घेतला. दुकानदाराने "गाडी कोणती?" विचारलं, "मारुत" म्हटल्यावर त्याने मारुतीचं शेडकार्ड काढलं. हा सरफेसर पातळ करून मारला तर रेझिनला घट्ट धरतो, परदेशी बाटलीच्या पाव किमतीत. त्यावर ग्लॉस काळा, त्यावर लॅकर जातीचा ॲल्युमिनियम रंग. पॅनेलनिहाय थोडा थोडा वेगळा.

नाशकात एअरब्रश वापरणाऱ्याने एक लक्षात ठेवावं : आषाढ-श्रावणात लॅकर मारायचा नाही. थिनर उडताना पृष्ठभाग गार पडतो, हवेतला दमटपणा त्यावर बसतो आणि चकचकीत काळ्यावर दुधाळ झाक येते. कॉम्प्रेसरच्या नळीतही पाणी जमतं, मॉइश्चर ट्रॅपची वाटी बघता बघता भरते. म्हणून पावसाळाभर मी फक्त कापणं, घासणं, जोडणं केलं आणि रंग दिवाळीनंतर. कार्तिकातली कोरडी हवा या कामाला सोन्यासारखी. ०.३ मिलिमीटरचं नोझल, १५ ते २० पीएसआय दाब, बाल्कनीचं दार उघडं. लॅकरला धुळीचा मास्क पुरत नाही, वाफ अडवणारं काडतूस असलेला मास्क लागतो. याबाबतीत काटकसर करणारे पाहिलेत, त्यांची डोकेदुखीही पाहिली आहे.

डिकल हा या डब्यातला सगळ्यात कच्चा भाग. रंगांखालची पांढरी छपाई पातळ आहे. चंदेरीवर लावल्यावर केशरी वर्तुळ मळकट दिसतं आणि एका पंखावरच्या चक्राचा (हवाई दलाच्या तिरंगी गोल खुणेचा) हिरवा ठिपका मधोमध नाही. सेटिंग सोल्युशनने (डिकल मऊ करणाऱ्या द्रावणाने) बसतात मात्र छान, पॅनेल लाइनमध्ये उतरतात. दोन पंखांची चक्रं मी दुसऱ्या पानावरची वापरली. शेपटीवरचे तिरंगी पट्टे तसेच ठेवले.

आता इतक्या महिन्यांनी काय उरलं? कपाट हॉलच्या पश्चिमेच्या भिंतीला आहे, एप्रिलमध्ये ती भिंत संध्याकाळी हाताला गरम लागते. पारा चाळिशीला टेकला त्या दिवसांत मी रोज पट्टी लावून पाहत होतो. तारेवर ओवलेले पंख जागचे हललेले नाहीत, वाकून आलेला उजवासुद्धा नाही. पितळी पाय ताठ. आडवी शेपटी मात्र इतकी पातळ की तिच्यात तार घालायला जागाच नव्हती, तिची उजवी बाजू केसभर खाली आली आहे. समोरून, डोळा बारीक करून पाहिलं तरच कळतं. गरम पाण्यात घालायचा प्रश्नच नाही, रंग आहे.

दुसरं म्हणजे सांधे. धडाच्या दोन अर्ध्या भागांमधली रेघ रंगवताना पूर्ण गेलेली होती, उन्हाळ्यानंतर कमरेपाशी बोटभर लांबीत परत उमटली आहे. आत भरलेला मसाला आकसतो आणि वरचा रंग त्याच्यासोबत बसतो. जिथे अराल्डाइट भरलं होतं तिथे असं काही नाही, जिथे ग्लू-पावडर होती तिथेच आहे. पुढच्या विमानात लांब सांधे फक्त अराल्डाइटनेच भरणार, चोवीस तास थांबावं लागलं तरी.

रंग कुठेही सुटलेला नाही. चंदेरीवर बोटांचे ठसे मात्र उमटतात. येणारा प्रत्येक पाहुणा ते उचलून बघणारच, कारण ओझरवरून सुखोई घरावरून गेली की विषय निघतो, आणि १७ ऑक्टोबर २०२५ ला तिथून तेजस एमके-१ए उडाल्यापासून तर जास्तच. सातपूरचा एक मित्र त्या गप्पांत विमान उलटं धरून चाकं फिरवून पाहत होता. चाकं फिरत नाहीत. तेव्हापासून कपाटाला कुलूप आहे. धूळ मेकअपच्या मऊ ब्रशने झाडतो, कापड लावत नाही, पिटोला अडकतं.

याच कारखान्याचं दुसरं किट घ्यायचा विचार आहे, पण पैसे भरण्याआधी दोन्ही पंखांचे उजेडात काढलेले फोटो मागणार आहे, आणि डिकल वेगळे छापून मिळतात का तेही विचारणार. ज्यांना हेच मारुत घ्यायचंय त्यांनीही तेवढं करावं. मागवायची वेळ अशी साधा की डबा जूनमध्ये हातात पडेल.