३०४ स्टीलचा म्हणून घेतलेला भांड्यांचा रॅक गंजला, घेण्याआधी हे वाचा

गेल्या आठवड्यात एका मैत्रिणीने मला एक फोटो पाठवला आणि विचारलं, "हा घेऊ का गं?" बघते तर तोच चकचकीत रॅक, तीच पांढरी ताटं ओळीने उभी आणि खाली कोपऱ्यात तोच '३०४' चा शिक्का. तिला लगेच फोन करून थांबवलं. तेव्हाच ठरवलं की झालेलं सगळं नीट लिहून ठेवायचं, कारण फोनवर मी किती जणींना सांगत बसणार.

आमच्याकडे भांडी हातानेच घासतो, दिवसातून दोनदा सिंक भरतं, त्यामुळे रॅक कधी कोरडा म्हणून राहतच नाही. आधीचा प्लास्टिकचं कोटिंग असलेल्या तारेचा होता. त्याचं कोटिंग टोकांना फाटलं, आत पाणी शिरलं आणि तार आतल्या आत फुगून तपकिरी झाली. म्हणून यावेळी म्हटलं पैसे जास्त गेले तरी चालतील पण स्टेनलेसच घ्यायचा आणि तोही ३०४ ग्रेडचा. मी वाचलं होतं की ३०४ मध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं, म्हणून काही भांड्यांवर १८/८ लिहिलेलं असतं, आणि त्या क्रोमियमचा एक अगदी पातळ थर वरती तयार होतो जो ओरखडा पडला तरी हवा लागली की परत धरतो. एवढं माहीत होतं म्हणून मला वाटलं आपण बघून-सवरून घेतोय.

विक्रेत्याने व्हिडिओ टाकला होता, त्यात एक माणूस रॅकला चुंबक लावतो, ते खाली पडतं, आणि तो म्हणतो बघा, चुंबक चिकटत नाही म्हणजे अस्सल ३०४. रॅक घरी आल्यावर मी पण फ्रिजवरचं चुंबक लावून बघितलं, नाही चिकटलं. खात्रीच पटली माझी. इतकी की मी मावशीलाही तोच घ्यायला लावला, आणि खरं सांगते, माझे पैसे गेले त्यापेक्षा याचं मला जास्त वाईट वाटतं.

तीनेक आठवडे छान गेले. मग एक दिवस आई म्हणाली या पांढऱ्या वाडग्याच्या काठाला काय लागलंय बघ. नखाएवढी तपकिरी रेघ होती. मला वाटलं नीट घासलं गेलं नसेल, परत घासलं, गेली. दुसऱ्या दिवशी त्याच वाडग्याला त्याच जागी तीच रेघ. मग वाडगा ज्या दांडीला टेकतो तिथे खालून बोट फिरवलं तर बोटाला केशरी भुकटी. रॅक उलटा केला आणि धक्काच बसला, वरून आरशासारखा चकचकीत पण खालच्या बाजूला एकेका जोडावर गंजाची कडी, जिथे जिथे वेल्डिंग केलंय तिथे तिथे. परत करायची मुदत होती दहा दिवसांची, ती केव्हाच संपलेली.

फोटो काढून विक्रेत्याला पाठवले. पहिलं उत्तर आलं, हा गंज नाही, तुमच्या पाण्याचे डाग आहेत. अहो, जड पाण्याचे डाग पांढरे असतात, कॅल्शियमचे, व्हिनेगर लावलं की सुटतात, आणि पाण्यातच लोह असतं तर सिंकमध्ये, बादलीत, नळाखाली सगळीकडेच तपकिरी दिसलं असतं ना, फक्त यांच्या जोडांवरच कसं दिसतं? हे लिहिल्यावर म्हणाले तुम्ही ब्लीच वापरलं असेल. क्लोरीनवालं ब्लीच चांगल्या स्टीललाही खड्डे पाडतं हे खरंय, पण आमच्या सिंकजवळ ब्लीच येतच नाही. मग चार दिवस काहीच उत्तर नाही. मी एक स्टारचा रिव्ह्यू फोटोसकट टाकला तेव्हा मात्र तासाभरात मेसेज, रिव्ह्यू काढून टाका, अर्धे पैसे परत देतो.

माझा मामेभाऊ फॅब्रिकेशनचं काम करतो, रेलिंग, गेट वगैरे. त्याला दाखवायला घेऊन गेले. मी म्हटलं अरे चुंबक तर चिकटत नाही. तो म्हणाला, "ताई, चुंबकाने काय कळणार? २०२ ला पण चिकटत नाही." म्हणजे २०१ आणि २०२ हे जे स्वस्तातलं स्टेनलेस आहे त्यात महाग निकेल कमी करून त्या जागी मँगनीज घालतात, त्यामुळे चुंबकाला ते ३०४ सारखंच वागतं पण सतत ओल्या जागी लवकर गंज धरतं. उलट खऱ्या ३०४ ची तार ओढून वाकवली की वाकलेल्या जागी चुंबक थोडंसं ओढ घेऊ शकतं, त्यामुळे तिथे जरा चिकटलं म्हणून माल खोटा असं पण नाही. सगळीकडे घट्ट चिकटत असेल तर मात्र तो ४३० ग्रेडच्या स्टेनलेसचा असतो, ज्यात निकेल जवळपास नसतंच, नाहीतर साध्या लोखंडावर क्रोमचा मुलामा. चुंबकाने एवढंच कळतं. तो व्हिडिओ बनवणाऱ्याला हे माहीत नसेल असं मला अजिबात वाटत नाही.

त्याच्याकडे स्टील तपासायच्या रसायनाची एक छोटी बाटली असते, भंगारवाले वापरतात ती. रॅकचा एक कोपरा पॉलिश पेपरने घासला, एक थेंब टाकला आणि नऊ व्होल्टच्या बॅटरीची टोकं लावली. शेजारी खात्रीच्या ३०४ चा तुकडा ठेवून त्यावरही तसाच थेंब. काही सेकंदात माझ्या रॅकवरचा थेंब लालभडक झाला, दुसरा तसाच फिका राहिला. लाल म्हणजे मँगनीज भरपूर, म्हणजे २०० च्या मालिकेतलं स्टील. वर ठसठशीत ३०४ चा शिक्का आणि खाली हे.

मग त्याने मला विचारून एक नळी कापली, आणि ते बघितल्यापासून माझ्या डोळ्यासमोरून जात नाही. नळी कापल्या कापल्या आतून चमचाभर तपकिरी पाणी ओट्यावर सांडलं. दांड्या भरीव नव्हत्याच, पोकळ नळ्या होत्या, भिंत इतकी पातळ की पक्कडीत धरल्यावर चेपली. जोडावर वेल्डिंग अर्धवट, टाचणी जाईल एवढी भोकं, त्यातून रोज पाणी आत जाणार आणि तिथूनच परत ठिबकणार, आमच्या धुतलेल्या भांड्यांवर. वेल्डिंगच्या उष्णतेने जो निळसर तपकिरी पट्टा पडतो तो अ‍ॅसिडने नाहीतर घासून काढावा लागतो, तसाच ठेवला तर तिथे खरं ३०४ असलं तरी गंज धरू शकतं असं तो म्हणाला. यांनी वरच्या बाजूचे पट्टे काढले होते, खालचे तसेच सोडले होते, कारण फोटोत खालची बाजू येतच नाही.

घरी येऊन पुन्हा जाहिरात नीट वाचली तर बाकीची लबाडी पण दिसायला लागली. वीस ताटं मावतात लिहिलंय, खाचा वीसच आहेत, पण दोन खाचांमधलं अंतर दोन सेंटीमीटर सुद्धा नाही, त्यात काठ असलेलं जेवणाचं ताट शेजारी शेजारी उभं राहूच शकत नाही, एक खाच सोडून लावावं लागतं म्हणजे झाली दहा. फोटोतली ताटं बहुतेक बशीएवढी असणार. पाणी आपोआप सिंकमध्ये जातं म्हणून जो ट्रे दिलाय त्याची चोच ट्रेच्या तळापेक्षा वर आहे, त्यामुळे अर्धा सेंटीमीटर पाणी कायम साचून राहतं आणि दोन दिवसांत हाताला बुळबुळीत लागतं. आणि जे शेकडो चांगले रिव्ह्यू बघून मी भुलले, त्यातले जुने उघडून फोटो बघितले तर ते रॅकचे नाहीतच, कुठल्यातरी भिंतीवरच्या हुकचे आहेत! जुन्या वस्तूच्या पानावर नवी वस्तू चढवलेली. मी फक्त स्टार मोजले होते, फोटो बघितलेच नव्हते.

आता तुम्ही घेणार असाल तर विक्रेत्याला लेखी विचारा की स्टील कोणतं आणि दांडी भरीव की पोकळ, आणि खालच्या बाजूचा फोटो मागा, टाळाटाळ केली तर सरळ सोडून द्या. घरी आल्यावर वरची चकाकी बघत बसू नका, त्याच दिवशी उलटा करा, प्रत्येक जोडावरून आणि नळीच्या टोकावरून बोट फिरवा पण जपून, माझ्या आईचं बोट टोपी निघालेल्या उघड्या टोकावर कापलं होतं. मग हातात धरून जोरात हलवा, आत पाणी असेल तर आवाज येतो. आणि परत करायची मुदत असेल तोवर रोज ओला ठेवा, अजिबात पुसू नका, हलका माल असेल तर जोड लवकर बोलायला लागतात. मी नेमकं उलट केलं, नवा नवा म्हणून पहिले पंधरा दिवस रोज रात्री फडक्याने कोरडा करत होते, म्हणून मुदत संपेपर्यंत काही दिसलंच नाही.

मावशीचा रॅक पण उलटा करून बघितला, तीच गत. तिला मी माझ्या पैशाने दुसरा घेऊन दिला, भावाने समोर थेंब टाकून तपासलेला, भरीव तारेचा, दिसायला अगदी साधा. विक्रेत्याचा अर्ध्या पैशांचा मेसेज अजून अधूनमधून येतो. रिव्ह्यू मी काढलेला नाही, उलट त्या कापलेल्या नळीचा फोटो पण त्यात जोडलाय.